बॅटरीसाठी

रविवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ट्रक सुरू झाला नाही. किल्ली फिरवल्यावर खाली कुठेतरी टक् असा आवाज झाला, समोरचे दोन लाल दिवे मंदावले, पुन्हा उजळले आणि सगळं जसंच्या तसं राहिलं. तिने किल्ली मागे घेतली, जरा थांबून परत फिरवली. परत टक्. पुढच्या खेपेला तेवढंही झालं नाही. ड्रायव्हरच्या सीटवर ती पाठीमागे उशी घेऊन बसली होती, कारण त्याशिवाय तिचे पाय खाली पोचत नसत. काचेतून समोर अंगण, अंगणापलीकडे घराची भिंत, भिंतीत खिडकी. खिडकीचा पडदा तिने नेहमीसारखा कापडाच्या पट्टीने एका बाजूला बांधला होता. केबिनच्या उंचीवरून आतला पलंग दिसत होता, पलंगावर तिचा नवरा, आणि चादरीवर त्याचा हात. हात हलला नव्हता. हलणार कसा? ऐकायला काही नव्हतंच.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या अंगावरून वारं गेलं होतं. तेव्हापासून तो बोलत नव्हता, उठत नव्हता, भरवलं तर गिळत होता, आणि डोळे उघडे असले तरी ते कुठे लागलेत हे कळत नव्हतं. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस. ठरल्या वेळेला माल पोचवायचा म्हणून रस्त्यावरचे लोक त्याला घड्याळ म्हणत. घरी कधी येणार हे मात्र त्या घड्याळाला कधी सांगता आलं नाही, असं ती म्हणायची, आणि तो खाली मान घालून बुटाचे बंद सोडत हसायचा. तो दवाखान्यातून घरी आल्यावर तिने पहिल्यांदा ट्रक सुरू केला तो काही त्याच्यासाठी नव्हे. दुसऱ्या शहरात राहणारा मुलगा फोनवर म्हणाला होता, आई, नुसता उभा ठेवलास तर जाम होईल, मग फुकटसुद्धा कोणी नेणार नाही. नवरा रविवारी काय करायचा ते तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिलं होतं. वर चढायचं, किल्ली फिरवायची, इंजिन दहा मिनिटं जागच्या जागी घुरघुरू द्यायचं. त्यानंतर तो जे करायचा ते करायचं तिला कारण नव्हतं. दहा मिनिटं तिलाही जमली. इंजिन लागलं, अख्खी केबिन थरथरली, ती घाबरून स्टिअरिंगला घट्ट धरून बसली, आणि सहज समोर नजर गेली तर आत पलंगावर त्याचा हात उठला होता. ज्या हाताने तो गिअर टाकायचा तो हात. चादरीच्या जरासा वर, तळवा खोलगट, जणू खाली दांड्याची गोल मूठ आहे आणि तो ती चाचपतो आहे. तिने घाईघाईने इंजिन बंद केलं. हात खाली गेला.

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, आवाजाने होत असेल, नसेलही. फार आशा धरू नका, पण सोडूही नका. म्हणजे काय करायचं ते तिला कळलं नाही. आशा अर्धी धरायची म्हणजे कुठे धरायची? शिवणाच्या कामात असं चालत नाही. टाका एक तर पडतो, नाही तर पडत नाही. मुलाला तिने हाताचं सांगितलंच नाही. तो म्हणाला असता, आई, ती नुसती शीर उडत असते. तसं असेलही. पण भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला, पाय चेपले, कानाशी नाव घेतलं, मुलाचा आवाज फोनवरून ऐकवला, तरी जो माणूस दगडासारखा पडून राहतो त्याचा हात एका आवाजाला उठतो, आणि तो आवाज ती स्वतः काढू शकते, एवढं तिला पुरेसं होतं. त्या दहा मिनिटांत आत कोणीतरी होतं. एरवी आठवडाभर ती कोणाचं अंग पुसत होती याची तिला खात्री नसे.

खिडकीत नणंद आली. त्याची थोरली बहीण; आजारपणात चार दिवसांसाठी म्हणून आली ती राहिलीच. "काय गं, आज मौन आहे का त्याचं?"

"लागत नाहीये, ताई."

"पुढचं झाकण उघडून बघ की."

"उघडून काय बघू? तुम्ही या, तुम्ही बघा."

"मी बघून मला काय कळणार!"

"मग मला तरी काय कळणार?"

नणंद खिडकीतून दूर झाली. ती तशीच बसून राहिली. केबिनमध्ये डिझेलचा, जुन्या रेक्झिनचा आणि त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. वास अजून होता, म्हणजे कुठून तरी येत असणार. बाजूच्या सीटवर त्याचं घडी घातलेलं कांबळं होतं, त्याला तिने अजून हात लावला नव्हता. तिला आठवलं, लग्नानंतर पहिल्या वर्षी तो आठ-आठ दिवस घराबाहेर असायचा, आणि परत आला की त्याच्या शर्टाला हाच वास असायचा. शर्ट धुवायला टाकण्याआधी ती तो नाकाशी धरायची. पुढे कधीतरी धरेनाशी झाली. कधीपासून ते आठवेना. अशा गोष्टी थांबतात तेव्हा कोणी बघत नसतं.

बॅटरीवाला अकराच्या सुमारास आला. त्याचं खरं नाव कोणी घेत नसे, सगळे त्याला बारा व्होल्ट म्हणत, कारण ट्रकला चोवीस लागतात आणि हा माणूस अंगाने निम्माच होता. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. फोन उचलल्यावर तो स्वतःच म्हणायचा, बोला, बारा व्होल्ट. घड्याळची आणि त्याची जुनी ओळख. आल्या आल्या तो खिडकीशी गेला, आत बघून "काय उस्ताद!" म्हणाला, उत्तराची वाट बघितली नाही, आणि बाजूच्या पेटीचं झाकण उघडून कामाला लागला. पेटीत दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी बसवलेल्या, मध्ये जाड वायर. टोकांवर पांढरी भुकटी जमली होती. त्याने ती घासून काढली, मीटर लावला, मग काचेच्या नळीने एकेका भोकातलं पाणी ओढून नळीतला तरंगता काटा डोळ्यांसमोर धरून बघितला. ती शेजारी उभी होती. हातात मोजपट्टी तशीच राहिली होती, पडद्यांचं कापड कापता कापता उठून आली होती.

"वहिनी, किती वेळ चालू ठेवता?"

"दहा मिनिटं. दर रविवारी. एक रविवार चुकवलेला नाही."

"आणि मग?"

"मग बंद करते."

"फिरवता कुठे?"

"मला कुठे येतो चालवायला? दहा मिनिटं ठेवते चालू, बॅटरी भरते, बंद करते."

तो नळी पुसत राहिला. बोलावं की नाही असं काहीतरी त्याच्या तोंडावर आलं, आणि तो बोललाच. "नाही भरत, वहिनी. सेल्फ मारला की एक मोठा घास जातो. दहा मिनिटं जागच्या जागी घुरघुरून त्यातला चतकोर परत येतो. उरलेली भूक तशीच. दर रविवारी तुम्ही थोडं थोडं काढतच होता."

"म्हणजे मी..."

"तुम्ही काय, सगळेच करतात. वायर सोडवून हातच लावला नसता तर जास्त टिकल्या असत्या, एवढंच. यातली ही गेलीय. दुसरी अजून धरून आहे, पण ही तिलाही ओढतेय. दोन्ही एकदमच बदलाव्या लागणार, नव्याजुन्याचं एकमेकांशी जमत नाही."

तिला उगाच राग आला. बॅटऱ्यांबद्दल बोलावं तर बॅटऱ्यांबद्दलच बोलावं. "मग भरतात कशा त्या?"

"रस्त्यावर. चांगला एक तास तरी गाडी पळायला हवी. तेव्हा कुठे पोटात काही जातं."

"एक तास?"

"कमीत कमी. घड्याळ न्यायचा की दर रविवारी. तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"सांगायचे," ती म्हणाली.

सांगायचा. शेवटच्या काही वर्षांत लांबच्या फेऱ्या बंद झाल्या, मग जवळच्याही कमी झाल्या, ट्रक आठवडाभर अंगणात उभा राहू लागला. तिला वाटलं होतं, आता माणूस घरात दिसेल. तर रविवारी सकाळी इंजिन सुरू व्हायचं, दहा मिनिटं घर थरथरायचं, आणि मग फाटक उघडल्याचा आवाज. ती हात पुसत दारात यायची. कुठे? बॅटरीसाठी. हे एवढंच उत्तर. बॅटरीला एक तास लागतो? लागतो. आणि मला कधी मिळालाय तुमचा एक तास? यावर तो केबिनमध्ये चढायचा. एकदाच, फाटकाशी ट्रक उभा करून, खाली वाकून म्हणाला होता, चल, बस मग. तिच्या हातात सुई होती. मला काय कामं नाहीत? असं म्हणून ती आत गेली होती आणि मशीनवर बसून, काही गरज नसताना, एक सरळ शिवण दोनदा घातली होती. त्यानंतर त्याने विचारलं नाही. तिनेही विचारायचं सोडलं, पण मनातून काढलं नाही. इतकी वर्षं रस्त्यांवर काढलेला माणूस. बॅटरी हे कारण म्हणून तिला इतकं तोकडं वाटायचं की दया यायची. शिवायला आलेली एक बाई एकदा बोलता बोलता म्हणाली, तुमचा ट्रक गोदामांकडे उभा दिसला. उभा. बॅटरी भरायला निघालेला ट्रक उभा कसा असेल, हे तिने पुढे किती दिवस उलटंपालटं करून पाहिलं होतं. एवढ्यासाठी तिने त्याच्याशी अबोला धरला, एकदा तर बहिणीकडे निघून गेली. आणि आता हा निम्म्या अंगाचा माणूस अंगणात उकिडवा बसून सांगत होता की तास लागतो. तिने पुन्हा विचारलं, "तासाशिवाय नाहीच होत?" आणि त्याने वर न बघता मान हलवली.

बॅटऱ्या नव्या आणून, आधी पूर्ण भरून, मग बसवायच्या होत्या. जुन्या तो काढून घेऊन गेला, बुधवारी येतो म्हणाला. पेटी उघडीच राहिली, तिच्यात तळाशी गंजलेली पट्टी आणि वाळकी पानं. ते तीन दिवस तिला त्या पेटीकडे बघवेना. आपण दर रविवारी किल्ली फिरवत होतो आणि काटा उतरत होता, हे तिच्या डोक्यातून जाईना. उतरताना काही आवाज होत नाही. दिवे लागत होते, इंजिन लागत होतं, हात उठत होता. सगळं नीट चाललंय असंच वाटत होतं. ती आजारी माणसाचं सगळं वेळेवर करायची, औषध, कूस बदलणं, पाठीला पावडर. आता कूस बदलताना तिचा हात मध्येच थांबायचा. यातलं काय भरतंय आणि काय काढून नेतंय, हे सांगणारी काचेची नळी कुणाकडे होती?

मंगळवारी तिने शिवणाची मशीन ओढत पलंगाशी आणली. मोटर लावली, पाय दाबला, रिकाम्या कापडावरून सुई सुसाट सोडली. हात चादरीवर होता तसाच. तिने वेग कमी केला, वाढवला, थांबवला, परत सुरू केला. नणंद दाराला टेकून बघत होती.

"त्याला त्या मशीनचा आवाज उभ्या जन्मात ऐकू आला नाही. आता काय येणार?"

"तुम्हाला गंमत वाटतेय, ताई."

"गंमत कसली? लहानपणापासून बघतेय मी त्याला. आई हाका मारून थकायची. आणि रस्त्यावर कुठे ट्रक गेला की जेवणावरून उठायचा." ती आत आली आणि भावाच्या कपाळावरचे केस मागे सारत म्हणाली, "तुझ्यावर राग नव्हता गं त्याचा. त्याचं कान देणंच तसं होतं."

मशीन तिने परत मागच्या खोलीत नेली. मागची खोली म्हणजे तिचं कामाचं ठिकाण: मधोमध मोठं टेबल, भिंतीला टेकवलेले कापडाचे गठ्ठे, खिळ्याला लटकवलेली मोठी कात्री, आणि मागच्या रस्त्यावर उघडणारी खिडकी. खिडकीकडे पाठ करून ती बसायची, कारण उजेड सुईवर पडायला हवा. आयुष्य त्या खिडकीकडे पाठ करूनच गेलं होतं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पडदे शिवून घर चाललं होतं आणि तो बाहेर असताना मुलगा त्याच टेबलाखाली लहानाचा मोठा झाला होता.

बुधवारी बारा व्होल्ट आला. बॅटऱ्या पेटीत उतरवताना त्याच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या. वायरी आवळल्या, टोकांना ग्रीस लावलं, आणि वर चढून त्याने स्वतः किल्ली फिरवली. इंजिन अर्ध्या हाकेत ओ दिल्यासारखं लागलं. ती अंगणातच उभी होती. धावत जाऊन ट्रकच्या पायरीवर चढली आणि काचेतून बघितलं. हात उठला होता. तळवा खोलगट, बोटं किंचित वळलेली, वाट बघत असल्यासारखी. आणि तेव्हाच पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं की इतके महिने तो हात नुसता वाट बघत होता. मुठीवर ठेवलेला, गिअर पडण्याची वाट बघणारा. दहा मिनिटं तो तसाच धरून ठेवायचा आणि मग ती इंजिन बंद करायची.

"चला, आता तासभर फिरवून आणू," बारा व्होल्ट म्हणाला.

"आज राहू दे. आज नुसता चालू ठेवू या. ते ऐकताहेत."

"वहिनी, नुसता चालू ठेवायचा असेल तर मी या काढून घेऊन जातो. डोळ्यांदेखत मारायच्या कशाला?"

ती पायरीवर उभी राहिली. ट्रक गेला की आवाज जाणार, आवाज गेला की हात. पण ट्रक गेला नाही तर काही आठवड्यांनी पुन्हा टक्. तिने खिडकीकडे तोंड करून हाक मारली, "ताई, त्यांच्याजवळ बसा! हाताकडे बघत राहा!" आणि दुसऱ्या बाजूने जाऊन दार उघडलं. बारा व्होल्टने बाजूच्या सीटवरचं कांबळं उचलून मागे टाकलं. ती चढली आणि बसता बसता थबकली. दोन्ही सीटच्या खोळी तिनेच शिवल्या होत्या, किती तरी वर्षांपूर्वी, गडद निळ्या जाड कापडाच्या, कडेला दोर घालून. ड्रायव्हरच्या खोळीचा दोर केव्हाच तुटून लोंबत होता, बसायच्या जागी कापड विरून आतला स्पंज दिसत होता. बाजूच्या सीटची खोळ कोरी होती. कापडाची लव शाबूत होती, शिवणीची कड ताठ होती, घडी घालताना तिने इस्त्रीने पाडलेली रेघसुद्धा एका कोपऱ्यात अजून ओळखू येत होती. तिने त्यावरून हात फिरवला. मग ती बसली.

फाटकातून बाहेर पडून ट्रक गल्लीच्या तोंडाशी थांबला. बारा व्होल्टने विचारलं, "कुठे वळू? तो कुठून न्यायचा?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटक दिसायचं. गल्लीचं तोंड दिसत नसे. चाळीस वर्षांच्या संसारात तिने हे कधी विचारलं नव्हतं. कुठे जाता हे विचारलं होतं, कितीदा तरी. कुठून जाता हे नाही.

"उजवीकडे," ती म्हणाली.

उजवीकडे पाण्याची टाकी, शाळेची लांब भिंत, मग उतार आणि मोठा रस्ता. ट्रक तिसऱ्या गिअरला गेल्यावर इंजिनाचा सूर बदलला आणि बारा व्होल्टने समोरच्या एका लहान तबकडीवर बोट वाजवलं. "हा बघा काटा. भरतेय." ती काट्याकडे बघत राहिली. पेट्रोलपंप गेला, टायरवाल्यांची रांग गेली, पूल आला. गोदामं आली. ती पुढे सरकून बघू लागली. पत्र्याची लांबच लांब छपरं, बंद शटर, मालाच्या गाड्या उभ्या राहायची मोकळी जागा, एका कोपऱ्यात नळ. दुसरं काही नव्हतं. चहाची टपरीसुद्धा नाही.

"इथे थांबायचे का ते?"

"थांबत असेल. रेडिएटरमध्ये पाणी घालायला सगळेच थांबतात." मग जरा वेळाने, "का?"

"काही नाही."

तिला हवं होतं तरी काय? कोणीतरी हात करावा, कोणीतरी विचारावं की आज घड्याळ नाही आलं का, एखादी बाई, एखादं दार. तिने इतकी वर्षं जपलेल्या संशयाला बसायला निदान एक जागा. तिथे नळ होता. त्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं आणि खाली शेवाळाचा हिरवा डाग पडला होता. ते बघून तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिला वाटलं, आपल्याला कोणीतरी रिकाम्या घरात आणून सोडलंय. खिडकीतून वारा येत होता, सीट खालून सारखी थरथरत होती, आणि एकदा ट्रकने वळण घेताना तिचा स्वतःचा हात आपोआप पुढे जाऊन समोरच्या पट्टीला टेकला, तसाच तिथे राहिला.

अंगणात इंजिन बंद झाल्यावर ती जवळजवळ पळतच आत गेली. नणंद पलंगाशी खुर्ची घेऊन बसली होती, मांडीवर रिकामं फुलपात्र.

"हलला?"

"हलला की. तुम्ही फाटकातून निघालात तसा एकदा पुढे गेला, एकदा मागे. चांगला जोर करून. मला वाटलं पाणी मागतोय. पाजलं मी."

"ताई!"

"मला काय माहीत? प्यायला की पण."

"आणि मग? आवाज गेल्यावर?"

नणंदेने फुलपात्र खाली ठेवलं. "ट्रकचा आवाज टाकीकडे वळला ना, तसा हात थांबला. अधांतरीच. मग पडला. आणि डोळ्यांतून पाणी आलं. आता ते येतंच त्याच्या, डॉक्टर म्हणालेच होते, त्याला काही अर्थ नाही म्हणून."

ती पलंगावर टेकली. त्याचे डोळे खिडकीकडे होते, ट्रककडे किंवा ट्रकच्या पलीकडे. गालावरची ओल वाळून तिचा पांढरट ओघळ राहिला होता. तो तिने पदराने पुसला. मग कानाशी वाकून म्हणाली, "बॅटरीसाठी नेला होता." तिचं तिलाच ते ऐकू आलं. किती तोकडं होतं ते. काहीतरी आणखी जोडावं असं वाटलं, पण जोडण्यासारखं खरं दुसरं काही नव्हतं. त्याची नजर हलली, तिच्या तोंडावरून गेली, थांबली असं तिला वाटलं, आणि पुन्हा खिडकीकडे गेली. ती स्वतः हात पुसत दारातून जशी आत वळायची, तशी.

शुक्रवारी दुपारी ती कामाच्या खोलीत पडद्याला अस्तर लावत होती. मागच्या रस्त्याने कचऱ्याची मोठी गाडी गेली. जमीन हलली आणि खिळ्याला लटकवलेली कात्री भिंतीवर वाजली, किणकिण, किणकिण, आणि थांबली. तिने मशीनवरचा पाय उचलला. ही कात्री रविवारी वाजायची. फाटकाचा आवाज झाल्यावर ती तणतणत इथे येऊन बसायची, धागा ओवायची, आणि जरा वेळाने पाठीमागे कात्री वाजायची. दर रविवारी. तिने कधी मान वळवली नव्हती; खिळा ढिला झालाय, दुसरा मारायला हवा, एवढं मनात यायचं. मागच्या रस्त्यावर यायचं तर गल्लीच्या तोंडाशी डावीकडे वळावं लागतं, घरांच्या पूर्ण रांगेला वळसा घालून. मोठ्या रस्त्याला लागायचा तो लांबचा, अडचणीचा मार्ग. ट्रक तिथून न्यायला काही कारण नव्हतं. ती वळून खिडकीकडे बघत बसली. खिडकीतून रस्ता दिसत होता, आणि रस्त्यावरून, ट्रकच्या उंचीवर कोणी असेल तर, खिडकीतून टेबल, मशीन आणि मशीनवर बसलेल्या बाईची पाठ दिसली असती. दिसली असती, एवढंच. तो बघत असे, असं कुठे कोणी सांगितलं होतं? कदाचित टाकीकडचा उतार त्याला नको असेल. पण हाताला वाट ठाऊक होती. बुधवारी ट्रक उजवीकडे वळला तेव्हा हात थांबला होता.

नणंदेला तिने एवढंच सांगितलं, "रविवारी आम्ही दुसरीकडून जाणार आहोत. तुम्ही फोन जवळ ठेवा. पाणी पाजू नका. हात हलत राहिला तर मला फोन करा."

"आणि नाही हलला तर?"

"तर नका करू."

"म्हणजे फोन नाही आला की तू काय समजायचं? नाही हलला, की मला तो फोन लावता आला नाही?"

"लावता येतो तुम्हाला. सकाळपासून दोनदा लावून बघितलात."

"तू समोर बसलीस म्हणून लागला तो. एकटीला मला बटणं सुचत नाहीत," नणंद म्हणाली, आणि फोन पदराला पुसून पलंगाच्या कडेवर ठेवला.

रविवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी बारा व्होल्टने किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच सेल्फला लागलं. बाजूच्या सीटवरून तिने समोर पाहिलं. खिडकीत पडदा बांधलेला होता, नणंद खुर्चीत पुढे वाकून बसली होती, हात चादरीवर होता. उठलेला नव्हता. एवढ्या वेळात दर रविवारी उठलेला असायचा. तिने बारा व्होल्टला थांबा म्हटलं, तो थांबला, आणि दोघंही काचेतून बघत राहिले. नणंदेने तिकडून नुसती मान हलवली.

"काय करायचं, वहिनी?"

"काढा बाहेर."

फाटकातून ट्रक हळू बाहेर पडला. गल्लीच्या तोंडाशी त्याने विचारण्याआधीच ती म्हणाली, "डावीकडे." रस्ता अरुंद होता, दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या गाड्या, आणि बारा व्होल्ट तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत ट्रक इंचाइंचाने पुढे काढत होता. रांगेला वळसा पडला. तिच्या कामाच्या खोलीची खिडकी आली, सरळ डोळ्यांसमोर, वाटलं होतं त्याहून जवळ. आत टेबल दिसलं, मशीन दिसली, रिकामी खुर्ची दिसली, आणि भिंतीवर कात्री हलताना दिसली. आवाज इथवर येत नव्हता. मग खिडकी मागे पडली.

आता ट्रक पेट्रोलपंपाच्या पुढे आला आहे. तबकडीवरचा काटा वर सरकला आहे. फोन तिच्या मांडीवर आहे, आवाज पूर्ण मोठा केलेला. तो अजून वाजलेला नाही.